सरकार सिनेमा काढायला पैसे देतं, पण पडदा कोण देणार?

पेरूगेट | मंगळवार, रात्री ९.४०

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या शोला आईला घेऊन गेले होते. मराठी चित्रपट, नवा दिग्दर्शक, पुण्यात दोनच ठिकाणी लागलेला आणि दोन्हीकडे सकाळचाच एकेक शो. मी अर्धी रजा टाकली होती. तिकीट खिडकीवर कळलं की एकूण चारच प्रेक्षक आलेत, त्यामुळे शो रद्द आणि पैसे परत. उरलेल्या दोघांपैकी एक मुलगा त्या चित्रपटाचा साहाय्यक ध्वनिमुद्रक निघाला. वडिलांना साताऱ्याहून घेऊन आला होता. मुलाचं नाव पडद्यावर कसं दिसतं ते वडिलांना पाहायचं होतं. मुलगा आमच्याशी बोलत राहिला, वडील मात्र भिंतीवरच्या पोस्टरांकडे बघत उभे होते. त्या पोस्टरांत त्यांच्या मुलाचा चित्रपट नव्हता. शुक्रवारी तो उतरला.

परतताना रिक्षा लॉ कॉलेज रस्त्यावरून आली. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय दोन्ही याच रस्त्यावर. प्रभातच्या जागेत १९६० साली इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये संग्रहालय आलं. सिनेमा शिकवायला आणि जपायला सरकारने हेच गाव निवडलं. आणि त्याच गावात चार माणसं तिकीट काढून उभी असताना त्यांना सिनेमा दाखवायची सोय नाही. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय माझा मुद्दा नीट मांडता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती बसली. तिचा अहवाल १९५१ चा. चित्रपटांना कर्ज देणारी सरकारी संस्था हवी आणि प्रशिक्षणाची संस्था हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी १९६० मध्ये झाल्या. कर्ज देणारी ती संस्था म्हणजे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन. साठच्या दशकाच्या शेवटी बी. के. करंजिया अध्यक्ष असताना तिने धोरण बदललं आणि नव्या, कमी खर्चाच्या, स्वतःचं म्हणणं असलेल्या चित्रपटांना पैसा द्यायला सुरुवात केली. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, बासू चॅटर्जींचा ‘सारा आकाश’, मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ हे सगळे त्याच पैशातून उभे राहिले.

हे अनुदान नव्हतं, कर्ज होतं. ते फेडायचं तर तिकिटं विकली जायला हवीत, आणि तिकिटं विकायची तर थिएटर हवं. ‘भुवन शोम’ला थिएटर मिळालं, लोकही आले. ‘उसकी रोटी’चं व्यावसायिक प्रदर्शन जवळजवळ झालंच नाही. असे बरेच चित्रपट डब्यात राहिले. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने थकलेल्या कर्जांवरून कॉर्पोरेशनला धारेवर धरलं. तेव्हापासून ‘कलात्मक सिनेमा म्हणजे बुडीत खातं’ हा शिक्का बसला, तो आजतागायत पुसला गेलेला नाही. लोकांनी हे चित्रपट नाकारले, असं आपण सहज म्हणून टाकतो. माझं म्हणणं आहे की लोकांना ते नाकारायचीसुद्धा संधी मिळाली नाही. चूल सरकारने पेटवली, अन्न शिजवलं, पण पंगत कुठे बसणार हे कोणी ठरवलंच नाही.

पन्नास वर्षांनंतरही आपण तिथेच आहोत. मदतीचं बोलणं निघालं की निर्मितीचं अनुदान, पुरस्कार आणि महोत्सव एवढंच पुढे येतं. वर्षभर, दर आठवड्याला, साध्या दरात हे चित्रपट बघता येतील अशी एखादी जागा पुण्यात का असू नये? यावर तुमचं मत हवंय.

*

चित्रकथी | मंगळवार, रात्री १०.१५

मुद्दा शंभर टक्के पटला. एक भर घालतो. सरकारी मदतीचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फिल्म फायनान्सच्याही आधीचं आहे. ‘पथेर पांचाली’चे पैसे संपून काम थांबलं होतं, तेव्हा बिधानचंद्र रॉय यांच्या पश्चिम बंगाल सरकारने तो पूर्ण करायला पैसा दिला. चित्रपटासाठी असं खातंच नव्हतं, म्हणून तो खर्च रस्ते सुधारणेच्या खात्यात दाखवला गेला. पुढे चित्रपट जगभर गेला आणि सरकारला घातल्यापेक्षा जास्त परत मिळालं. थोडक्यात, पैसा बुडतोच हे खरं नाही. लोकांपर्यंत गेला तर तो परत येतो.

*

जमाखर्च | बुधवार, सकाळी ८.०५

पेरूगेट, आईंना घेऊन गेलात आणि शो रद्द झाला याचं वाईट वाटलं. तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मोकळेपणाने मांडतो.

मी व्यवसायाने सीए आहे. सरकारचा पैसा म्हणजे आपल्या सगळ्यांचा पैसा. आपल्या राज्याने १९७५ मध्ये मराठी चित्रपटांसाठी करपरताव्याची योजना आणली. पुढे त्याची जागा थेट अनुदानाने घेतली. परीक्षण समिती चित्रपट बघते, गुण देते. कित्येक वर्षं अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असा हिशेब होता. त्यातून काही उत्तम चित्रपट उभे राहिले, ते मी नाकारत नाही. पण अनुदानाचा आकडा समोर ठेवून त्याच्या आत बसवलेले चित्रपटही आले. ते कोणी पाहिले नाहीत आणि कोणी पाहावेत अशी काढणाऱ्यांचीही अपेक्षा नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेचं छप्पर गळत असताना ज्याला प्रेक्षक नाही त्या सिनेमाला पैसा का द्यावा, असं एखाद्या पालकाने विचारलं तर त्याला काय उत्तर द्यायचं? मला खरंच उत्तर हवंय, वाद घालायचा म्हणून विचारत नाही.

*

रीळ | बुधवार, दुपारी १.३०

जमाखर्च, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या वहीत आहे. मी एक चित्रपट केला आहे. नाव सांगत नाही, कारण इथे जाहिरात करायची नाही.

लोकांना वाटतं सरकार पैसे देतं आणि मग आपण चित्रपट काढतो. तसं नसतं. आधी चित्रपट काढायचा, सेन्सॉर करायचा, प्रदर्शित करायचा, मग अर्ज, मग परीक्षण, मग दर्जा आणि मग पैसे. तोपर्यंतचा सगळा पैसा तुमचा किंवा व्याजाने आणलेला. माझ्या बाबतीत तो भावजींचा होता आणि बायकोच्या दागिन्यांचा. म्हणजे ही मदत ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला सोयीची. नुसतं चांगलं स्क्रिप्ट हातात असलेल्या पोराला तिचा उपयोग नाही.

आता पडद्याचं. प्रदर्शनाच्या आठवड्यात माझे पैसे कुठे गेले ते सांगतो. डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, ज्याला आम्ही व्हीपीएफ म्हणतो, ते प्रत्येक स्क्रीनमागे निर्मात्यानेच भरायचं. होर्डिंग, पोस्टर, वर्तमानपत्रातली जाहिरात वेगळी. एवढं करून मिळाले ते सकाळचे आणि दुपारचे शो. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवायची सक्ती केली. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले, मग ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. दुपारी बाराला नोकरदार माणूस येईल कसा? दुसरं म्हणजे त्या नियमात मोठा मराठी चित्रपट आणि माझ्यासारख्याचा छोटा चित्रपट एकाच रांगेत. मोठा असला की तो शो त्याला जातो. त्यात गैर काही नाही, थिएटरवाल्यालाही वीजबिल भरायचं आहे. म्हणूनच बाजाराच्या बाहेरचा एखादा पडदा लागतो.

ज्या अनुदानखाऊ चित्रपटांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यांचा राग मला तुमच्याहून जास्त येतो. त्यांच्यामुळे समितीसमोर बसताना आम्हीही चोरासारखे दिसतो.

*

गुलटेकडी | बुधवार, संध्याकाळी ६.२०

मी ७४ वर्षांचा आहे, टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

पडदा म्हणजे थिएटरच असं नाही. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट लागत. खाली इंग्रजी अक्षरं यायची. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, जेवणं आटोपून सगळे तिथे जमायचे. शेजारच्या काकूंना इंग्रजी येत नव्हतं, मी हळू आवाजात सांगत बसायचो. कानडी, मल्याळी, आसामी, बंगाली चित्रपट त्या बाईंनी असे पाहिले. एका मल्याळी चित्रपटातल्या म्हाताऱ्यासाठी त्या रडल्या होत्या ते मला आजही आठवतं. या चित्रपटांना प्रेक्षक नव्हता असं मला कोणी सांगू नये. सहा-सात घरांचा प्रेक्षक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारो’ तसाच. इथल्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला माणूस, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे सात लाखांच्या आसपास पैसे. १९८३ मध्ये थिएटरात फार चालला नाही. पुढे दूरदर्शनवर वारंवार लागला आणि घराघरांत पोचला.

*

मृद्गंध | बुधवार, रात्री ११.००

सगळ्यांचं वाचलं. मला एक भीती आहे. पैसा सरकारचा, पडदाही सरकारचा, मग काय दाखवायचं हेही सरकारच ठरवणार ना? स्वतंत्र सिनेमा स्वतंत्र राहील का?

दुसरं, सगळं एका छताखाली आणायचा जो निर्णय झाला त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं आणि मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट महोत्सव संचालनालय, आपल्या पुण्याचं संग्रहालय आणि बालचित्र समिती या चारही संस्थांचं काम विकास महामंडळाकडे गेलं. महामंडळ ही कंपनी आहे. कंपनीने ताळेबंद सांभाळायचा की माहितीपट काढायचे, जुन्या रिळा जपायच्या, मुलांचे चित्रपट करायचे? त्यांतलं कुठलंच काम नफ्याचं नाही. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून डबे गोळा करून ते संग्रहालय उभं केलं. ताळेबंदाकडे बघून ते उभं राहिलंच नसतं.

*

पेरूगेट | गुरुवार, सकाळी ७.१५

मृद्गंध, भीती रास्त आहे. पण वर गुलटेकडीकाकांनी दिलेलंच उदाहरण बघा. महानगरपालिकेतला भ्रष्टाचार, बिल्डर, वर्तमानपत्रवाले या सगळ्यांना उघडं पाडणारा तो चित्रपट सरकारी महामंडळाच्या पैशातून निघाला. ‘गर्म हवा’ला फिल्म फायनान्सचं कर्ज होतं. सेन्सॉरमध्ये तो अडकून पडला खरा, पण शेवटी आला आणि फाळणीनंतरच्या मुसलमान कुटुंबाची गोष्ट देशाने पाहिली. तेव्हाचं सरकार फार उदार होतं असं मी म्हणत नाही, ते तर आणीबाणीच्या आसपासचे दिवस. निवड करणाऱ्या मंडळात चित्रपट कळणारी माणसं होती आणि त्यांना थोडी मोकळीक होती, एवढंच. तेवढ्यावरही पुष्कळ होतं. म्हणून निवड समितीत कोण बसणार, किती वर्षांसाठी आणि निकालाची कारणं जाहीर होणार का, हे पैशाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

विलीनीकरणाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. संग्रहालयाकडे मी कधीही ‘खर्च’ म्हणून बघू शकत नाही. कॉलेजात असताना तिथल्या थिएटरात पहिल्यांदा जपानी दिग्दर्शक ओझूचा चित्रपट पाहिला आणि बाहेर आल्यावर बराच वेळ कोणाशी बोलावंसं वाटेना.

*

शेवंता | गुरुवार, दुपारी ३.४५

मी मूळची सदाशिव पेठेतली, नवऱ्याच्या बदलीमुळे सहा वर्षं तिरुवनंतपुरमला होते. तिथे जे पाहिलं ते सांगते.

केरळचं चित्रपट विकास महामंडळ १९७५ चं आहे. त्याची स्वतःची थिएटरं आहेत. तंपानूरला बसस्टँडजवळ कैरळी, श्री आणि निळा अशी तीन. कुठलाही साधा माणूस तिकीट काढून जातो. तिथे व्यावसायिक चित्रपट लागतात तसे छोटेही लागतात. डिसेंबरात महोत्सव असतो तेव्हा रिक्षावाला तुम्हाला इराणी चित्रपटाबद्दल विचारतो. हे मी ऐकीव सांगत नाही, मला विचारलं आहे. शिवाय फिल्म सोसायट्यांचं जाळं आहे. अडूर गोपालकृष्णन यांच्या चित्रलेखापासून, म्हणजे १९६५ पासून, ते रुजलेलं आहे. त्यांचा पहिला चित्रपट ‘स्वयंवरम’ फिल्म फायनान्सच्याच कर्जावर झाला.

आता तर त्या महामंडळाची स्त्री दिग्दर्शकांसाठी वेगळी योजना आहे, एका चित्रपटाला दीड कोटीपर्यंत. रीळ, तुम्ही लिहिलंत तसं आधी काढा मग मागा असं नाही. आधी पटकथा निवडतात आणि निर्मिती महामंडळच करतं. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी सी-स्पेस नावाचा सरकारी ओटीटीही काढला, जेवढं बघाल तेवढे पैसे. अडचणी तिथेही आहेतच, वाद तर भरपूर. पण तिथे सिनेमा हा वाचनालयासारखा नागरी सोयीचा भाग आहे. कोलकात्यात ‘नंदन’ हे सरकारी चित्रपट केंद्र १९८५ पासून आहे. पुण्याला तसं काही असू नये हे मनाला लागतं.

*

सिद्धेश्वर | गुरुवार, रात्री ९.०५

सोलापूरहून लिहितोय. पुणेकरांनो, तुमच्याकडे निदान संग्रहालय आहे, आशय फिल्म क्लब आहे, जानेवारीत पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. आम्ही पिफसाठी हुतात्मा एक्सप्रेसने येतो, दिवसाला चार चित्रपट बघतो आणि रात्री मिळेल त्या गाडीने परत. माझ्या मुलीला ‘कासव’ बघायचा होता. सुवर्णकमळ मिळालेला मराठी चित्रपट, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, अगदी तुमच्या पुण्यातला. आमच्याकडे लागल्याचं आम्हाला कळलंच नाही. शेवटी मोबाइलवर पाहिला. मुलगी म्हणाली, बाबा, समुद्र एवढासाच दिसतोय.

पुण्यात पडदा झाला तर आनंदच आहे. पण मागणी करताना जिल्ह्यांची करा. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी नाट्यगृह आहे, नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं. बरेच दिवस ती रिकामी असतात. तिथे प्रोजेक्टर आणि चांगला ध्वनी बसवला तर नवी इमारत बांधायलाच नको.

*

चित्रकथी | गुरुवार, रात्री ९.३०

सिद्धेश्वर, नाट्यगृहाची कल्पना फार आवडली! फक्त नाटकवाल्यांच्या तारखा आधी. त्यांचंही पोट त्याच रंगमंचावर आहे.

*

रीळ | शुक्रवार, सकाळी १०.५०

२०२४ च्या मेमध्ये पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट जायला तीस वर्षं लागली होती. पायल आपल्या इन्स्टिट्यूटची. त्या रात्री आम्ही मित्र खूप आनंदात होतो. पण त्या चित्रपटामागचा पैसा मोठ्या प्रमाणात युरोपातल्या सार्वजनिक निधींचा आणि भागीदारांचा आहे. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’च्या पटकथेलाही रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स निधीची मदत होती. आपल्या मुंबईची, आपल्या न्यायालयाची गोष्ट सांगायला पहिला विश्वास परक्या देशातून यावा लागतो, हे मला सोसत नाही. केंद्राची सहनिर्मितीवरची सवलत आता ४० टक्क्यांपर्यंत गेली आहे, कमाल ३० कोटी. चांगली गोष्ट आहे. पण ती परदेशी भागीदार आधीच सापडलेल्यांसाठी. पहिला चित्रपट करणाऱ्याला असा भागीदार कुठून मिळणार?

*

जमाखर्च | शुक्रवार, रात्री १०.२०

दोन दिवस हा धागा वाचतोय आणि थोडं वाचनही केलं. माझा प्रश्न होता की शाळेच्या छपराचे पैसे सिनेमाला का. फ्रान्सची पद्धत पाहिली तर तिथे तो प्रश्न येत नाही. १९४६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन केलं. चित्रपटगृहातल्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के विशेष कर असतो आणि तो त्या केंद्राकडे जातो. हॉलिवूडचा चित्रपट बघायला गेलात तरी त्या तिकिटातला वाटा तिथल्या नव्या दिग्दर्शकाला आणि छोट्या थिएटरांना पोचतो. सिनेमाचा पैसा सिनेमाकडेच राहतो.

आता आपला हिशेब. जुलै २०१७ पर्यंत करमणूक कर राज्याचा होता आणि मराठी चित्रपटांना त्यातून सूट होती. जीएसटी आला आणि ती सूट संपली. आज शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के. अडीचशेच्या तिकिटाला ४५ रुपये, त्यातले साडेबावीस राज्याचे. शंभर किंवा त्याखालच्या तिकिटाला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. म्हणजे पंगतीची जागा ८० रुपयांच्या तिकिटाची ठेवली तर कराचा बोजा नगण्य. आणि मोठ्या तिकिटांवर राज्याला मिळणाऱ्या साडेबावीसमधला एक रुपया जरी वेगळ्या खात्यात ठेवला, तर नवा कर लावायचीही गरज नाही. त्या पालकाला मी आता उत्तर देऊ शकेन. अट एकच: त्या खात्याचा जमाखर्च दरवर्षी जाहीर व्हावा. तो तपासायला मी फुकट बसेन.

*

पेरूगेट | शनिवार, सकाळी ६.५५

जमाखर्च, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, या माणसाला घरी जेवायला बोलाव.

निवेदनाचा कच्चा मसुदा करते आहे. आतापर्यंत त्यात हे आलं आहे: महापालिकेच्या एका नाट्यगृहात आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, संध्याकाळी साडेसहाचा शो, ८० रुपये तिकीट, एका चित्रपटाला किमान तीन आठवडे. चार प्रेक्षक आले तरी शो होणार, हे वाक्य मी ठळक अक्षरांत टाकते आहे. प्रक्षेपणाचं शुल्क निर्मात्याकडून घ्यायचं नाही. तिकिटाचा अर्धा वाटा थेट त्याला. निवड समितीत फिल्म क्लबचे दोन, इन्स्टिट्यूटचा एक, आणि नुसता प्रेक्षक असलेले दोन. सिद्धेश्वर म्हणाले तसं जिल्ह्यांचं कलमही आहे.

त्या ध्वनिमुद्रक मुलाचा नंबर मी घेतला होता. काल बोलले. चित्रपटाची फाइल निर्मात्याकडे आहे, कुठे दाखवणार असाल तर द्यायला ते तयार आहेत.

*

सिद्धेश्वर | शनिवार, सकाळी ८.३०

मसुदा पाठवा, आमच्या वाचनालयाच्या सह्या रविवारी संध्याकाळपर्यंत देतो. शो ठरला की तारीख चार दिवस आधी कळवा, रिझर्वेशन करावं लागतं. मुलगीही येणार आहे. आणि त्या साताऱ्याच्या वडिलांना पुढची जागा ठेवा.